वरच्या ओळीच्या आधी काय होते?

जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना हे चित्र नवे नाही. आठ स्तंभ आणि तीन ओळी. मासा, सॅलमँडर, कासव, कोंबडी, डुक्कर, गाय, ससा आणि माणूस यांचे गर्भ शेजारी शेजारी मांडलेले. वरच्या ओळीत सारे जवळजवळ एकसारखे, खालच्या ओळीत प्रत्येक जण ओळखू येणारा. जर्मनीतील येना विद्यापीठाचे प्राध्यापक अर्न्स्ट हेकेल यांनी १८७४ साली ‘अँथ्रोपोजेनी’ या ग्रंथात ते छापले. त्याच्या नकला पुढे शंभराहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिल्या.

चित्राचा गुण मान्यच केला पाहिजे. पृष्ठवंशीय प्राण्यांचे नाते ते एका दृष्टिक्षेपात पटवून देते. पण जे इतक्या चटकन पटते ते तपासून पाहायचे राहून जाते.

हेकेल यांच्यावरील पहिला आक्षेप त्यांच्या हयातीतलाच आहे. १८६८ सालच्या त्यांच्या ग्रंथात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांच्या गर्भांसाठी एकच ठसा तीनदा छापला होता. बाझल येथील प्राणिशास्त्रज्ञ रुटिमायर यांनी ते उघडकीस आणले आणि पुढील आवृत्तीत हेकेल यांना दुरुस्ती करावी लागली. १८७४ च्या चित्रातही साम्य वाढवून दाखवले आहे. १९९७ साली मायकेल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या गर्भांची तुलना केली, तेव्हा या टप्प्यावरील गर्भांच्या लांबीत दहापटीपर्यंत फरक आढळला. हेकेल यांनी मात्र सारे एकाच मापात बसवले होते.

शिक्षकाच्या दृष्टीने याहून मोठा दोष वेगळाच आहे. वरची ओळ ही सुरुवात आहे असे विद्यार्थी समजतो. प्रत्यक्षात माणसाच्या बाबतीत तोवर चार आठवडे उलटलेले असतात. फलित अंडपेशी सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाची असते. साधारण एका दिवसाने तिच्या दोन पेशी होतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा पेशींचा गोळा बनतो. पाचव्या दिवसाच्या सुमारास त्याची पोकळ ब्लास्टोसिस्ट होते. तिच्या बाहेरच्या थरापासून वारेचा भाग बनतो, तर आतील थोड्या पेशींपासून गर्भ. सहाव्या-सातव्या दिवशी ती गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागते. दुसऱ्या आठवड्यात गर्भ म्हणजे दोन थरांची चकती असते, तिसऱ्यात तीन थरांची. चौथ्याच्या अखेरीस तो जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा, वाकलेला आणि शेपटी असलेला दिसतो.

आता कोंबडी पाहा. तिच्या अंड्यात बलक इतका असतो की सगळे अंडे विभागतच नाही. विभाजन होते ते बलकावरील लहानशा चकतीपुरते. बेडकाचे मात्र संपूर्ण अंडे विभागते. म्हणजे हे प्राणी आरंभी वेगळे, मध्यंतरी एकमेकांच्या बरेच जवळ आणि पुढे पुन्हा वेगळे असतात. डमरूची कंबर म्हणजे डमरू नव्हे. हेकेल यांचे चित्र कंबरेपासून सुरू होते आणि वरचा अर्धा भाग गाळते.

चित्राखाली पुष्कळदा ‘कल्ल्यांच्या फटी’ असे लिहिलेले असते. माणसाच्या गर्भाला कल्ले कधीच नसतात. असतात त्या ग्रसनीच्या कमानी. माशात त्यांपासून कल्ल्यांचा सांगाडा बनतो, तर माणसात जबडा, कानातील इवलीशी हाडे आणि स्वरयंत्राच्या कूर्चा. गर्भ वाढताना पूर्वजांच्या प्रौढ अवस्थांतून जातो, हे हेकेल यांचे म्हणणे टिकले नाही. तरी एकाच कमानीपासून इतके निरनिराळे अवयव घडतात, हाच समान पूर्वजाचा अधिक बोलका पुरावा आहे. चित्र सदोष, म्हणून उत्क्रांतीच खोटी, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनीच १९९८ साली ठाम नकार दिला.

मग चित्र फाडून टाकावे काय? मुळीच नको. ते फळ्यावर लावावे आणि तीन प्रश्न विचारावेत: मोजपट्टी कुठे आहे? हेच आठ प्राणी का निवडले? वरच्या ओळीच्या आधी काय होते? शक्य झाल्यास कोंबडीचे अंडे फोडून बलकावरील पांढरा ठिपका दाखवावा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना तिथून शोधू द्यावे.