कन्नडचं पाणी कोण मोजणार?

कन्नड घाटमाथ्यावरचं गाव. इथलं शिवना नदीचं पाणी गोदावरीला जातं. उत्तरेला औट्रम घाट, म्हणजेच कन्नड घाट, उतरणारं पाणी तितूर, गिरणा असं करत तापीला मिळतं. एका तालुक्यात दोन खोरी, शेजारी गौताळ्याचं अभयारण्य आणि घाटातून जाणारा सोलापूर–धुळे महामार्ग. लँडस्केप आर्किटेक्चर आणि नगररचना शिकणाऱ्यांना याहून चांगला अभ्यासविषय मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. तरी विद्यार्थ्यांचे प्रबंध वळतात ते वेरूळ, दौलताबाद आणि पाणचक्कीकडेच.

त्या जागा अभ्यासाच्या नाहीत असं कोण म्हणेल? पण तिथे बहुतेक वेळा ठरलेला साचा चालतो: केस स्टडी, साइटचं विश्लेषण, मग पर्यटन केंद्राचं डिझाइन. ज्युरीसमोर शीट देखण्या दिसतात. पाऊस पडल्यावर पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, याचं स्वतः केलेलं मोजमाप त्यांत क्वचित असतं. आपल्याकडच्या विद्यार्थी-संशोधनातली मोठी उणीव मला हीच वाटते. डिझाइन लवकर सुरू होतं, पाहणी अर्धवट राहते.

ही पाहणीची परंपरा आपल्याला परकी नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. आधी गाव पायी हिंडा, मग आराखडा काढा, हा त्यांचा आग्रह होता. पुढे तो विभाग गो. स. घुर्ये यांनी वाढवला. नगररचनेच्या वर्गात गेडिस आजही शिकवले जातात. त्यांची पायपीट मात्र वेळापत्रकात मावत नाही.

कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत जाऊन पाहावं. चौथ्या लेण्याच्या दाराशी पंचफणी नाग कोरला आहे. खडकात झिरपणारं पाणी आतल्या पन्हळीतून येऊन नागाच्या फण्यांतल्या छिद्रांवाटे बाहेर पडावं, अशी ती योजना. शिल्प आणि निचरा एकाच छिन्नीनं साधले आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या कारागिरांना डोंगराचं पाणी नेमकं ठाऊक होतं. या लेण्यांचा निचरा, वरचं पठार आणि खालचा ओढा एकत्र मांडणारा एक नकाशा हा पदव्युत्तर प्रबंधाचा भरभक्कम विषय आहे.

आणि हा प्रश्न जुन्या दगडांपुरता नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस घाटावर अतिवृष्टी झाली. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, वाहतूक बंद पडली, आणि खाली चाळीसगावात तितूर-डोंगरीचा पूर घराघरांत शिरला. घाटमाथा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पायथा जळगावात. महसुली विभागही वेगळे. विकास आराखडा नगरपरिषदेच्या हद्दीवर थांबतो. पाणी थांबत नाही. ही हद्द ओलांडायला कोणत्याही कार्यालयाला अडचण येते, विद्यार्थ्याला येत नाही. म्हणूनच त्यानं खोरं ही साइट धरावी.

पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात लँडस्केपचा पदव्युत्तर अभ्यास होतो, सीओईपीत नियोजन शिकवतात, संभाजीनगरात एमजीएममध्ये वास्तुकला आहे. मार्गदर्शक आहेत, विद्यार्थीही हुशार आहेत. पण प्रबंध इंग्रजीत, बाइंडिंग होऊन ग्रंथालयात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. त्या वेळी नाल्याची रुंदी, पुराची पातळी आणि जुन्या विहिरी दाखवणारा मराठीतला चार पानांचा गोषवारा हाती असेल, तर कन्नडच्या रहिवाशाला हरकत नेमक्या आकड्यानिशी नोंदवता येईल.