त्रे चीमे : आधी पाठ, मग मुख

देवळात आपण आधी दर्शन घेतो आणि मग प्रदक्षिणा घालतो. इटलीच्या ईशान्य टोकाला, डोलोमाइट्स पर्वतरांगेत त्रे चीमे दि लावारेदो नावाची तीन शिखरं आहेत. त्यांच्याभोवती फिरणारी वाट हा क्रम उलटा करते. आधी मागून वळसा घ्यायचा, मग दर्शन. दहाएक किलोमीटरच्या या फेरीची सारी लज्जत त्या उलटेपणात आहे. म्हणूनच ती दुसऱ्या बाजूने चालणाऱ्यांची मला जरा कीव येते.

सुरुवात मुळीच रसिक नाही. मिझुरिना तळ्याकडून टोल भरून वर आलेला घाटरस्ता सुमारे २,३२० मीटरवर औरोंझो रिफूजिओपाशी संपतो आणि तिथे मोटारींचा बाजार भरलेला असतो. रिफूजिओ म्हणजे डोंगरातलं विश्रामघर, जेवणाची आणि रात्रीच्या पथारीची सोय असलेलं. शिखरं इथे अगदी डोक्यावर येतात, पण दिसते ती त्यांची दक्षिण बाजू: घळींनी चिरलेली, जागोजागी तुटलेली, पायथ्याशी पांढरट घसारा सांडलेला. फोटोत पाहिलेली ती प्रसिद्ध शिखरं हीच का, असा प्रश्न पडावा. वाट इतकी रुंद आणि सपाट की बाबागाड्याही सुखाने चालतात. वाटेत एक छोटं चॅपेल लागतं, पुढे लावारेदो रिफूजिओ.

या पाठीला मात्र कमी लेखू नये. मधलं शिखर, चीमा ग्रांदे, पहिल्यांदा सर झालं ते २१ ऑगस्ट १८६९ रोजी, आणि तेही याच बाजूने. व्हिएन्नाचा पाउल ग्रोहमान आणि त्याचे वाटाडे फ्रान्झ इनरकोफ्लर व पेटर झाल्खर यांनी या घळींमधूनच वाट काढली. त्यामुळे तुटकेपणा हा इथला दोष नव्हे. डोंगराने माणसाला दिलेली फट तीच. ग्रांदेची उंची २,९९९ मीटर आहे. तीन हजाराला एक मीटर कमी पडू देण्याचा हा संयम मला फार आवडतो.

लावारेदोनंतर चढ लागतो. फार नाही, शे-सव्वाशे मीटरचा, पण दम लागायला पुरेसा. मान खाली जाते, नजर बुटांच्या टोकांवर येते. आणि तशाच अवस्थेत आपण २,४५४ मीटरवरच्या खिंडीत पोचतो. मान वर करावी तर डाव्या हाताला डोंगर संपलेला असतो. उत्तरेचे कडे इथून कडेने दिसतात, सरळ खाली कापत गेलेली एक धार तेवढी. अजून दर्शन नाही, पण ते कशाचं असणार याची कल्पना येते. बरेच जण इथेच फोटो काढून परततात. पहिला सूर लागताच मैफल सोडून उठण्याचा हा प्रकार आहे.

खिंडीपासून पुढचा पाऊणएक तास या वाटेचा खरा गाभा. वाट पातेर्नो डोंगराच्या कुशीतून उत्तरेला जाते आणि शिखरं डाव्या खांद्यामागे राहतात. ती पाहायची तर थांबून वळावं लागतं. दर वळण्यागणिक ती थोडी उलगडलेली दिसतात. आधी एकमेकांवर चढलेली, मग त्यांच्यात प्रकाशाची एक चीर, मग दुसरी. चालणारा आपण, पण हलल्यासारखे दिसतात डोंगर.

लोकातेल्ली रिफूजिओच्या ओट्यावर, सुमारे २,४०० मीटरवर, हे उलगडणं पुरं होतं. डावीकडे पिक्कोला, मध्ये ग्रांदे, उजवीकडे ओव्हेस्त, तिन्ही सुटी. अंतर असं नेमकं की शिखरं पूर्ण मावतात आणि तरीही अंगावर येतात. इथे बसावं आणि कातळ वाचावा. जिथे पावसाचं पाणी वाहतं तिथे तो राखाडी आणि काळ्या ओघळांचा. जिथे कडा बाहेर झुकलेला आहे, पाणी पोचत नाही आणि जुना थर कधीतरी सुटून पडला आहे, तिथे पिवळा. म्हणजे पिवळा रंग दिसला की समजावं, चढणाऱ्याची तिथे परीक्षा आहे. आडव्या रेषा वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्राच्या तळाच्या आहेत. आपला कोकणकडा आपण वरून, पोटावर आडवं होऊन पाहतो. त्यात भीतीचा वाटा मोठा. इथे कडा समोर, पूर्ण उंचीचा, आणि पाहणारा सुरक्षित. हा रस वेगळा आहे. ग्रांदेच्या या भिंतीवर एमिलिओ कोमिची आणि दिमाई बंधू १९३३ साली चढले, दक्षिणेकडच्या चढाईनंतर ६४ वर्षांनी. एकाच डोंगराची पाठ आणि मुख यांत एवढं अंतर.

जिथून शिखरं इतकी छान दिसतात, तिथूनच शत्रूही दिसतो. पहिल्या महायुद्धापूर्वी इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांची सीमा या शिखरांवरून जात होती आणि ही जागा ऑस्ट्रियाच्या बाजूला होती. मे १९१५ मध्ये युद्ध जाहीर होताच इटालियन तोफांनी इथलं जुनं विश्रामघर उद्ध्वस्त केलं. ते चालवणारा नामांकित वाटाड्या सेप इनरकोफ्लर ४ जुलै १९१५ रोजी समोरच्या पातेर्नोवर चढून जाताना मारला गेला, शत्रूच्या हातून की आपल्याच गोळीने, यावर अजून वाद आहे. पातेर्नोच्या पोटात सैनिकांनी खोदलेल्या बोगद्यांतून आज हेल्मेट आणि डोक्यावरचा दिवा लावून हौशी लोक जातात. विश्रामघरामागच्या टेकाडातल्या गुहांच्या तोंडातून तिन्ही शिखरं चौकटीत बसवल्यासारखी दिसतात आणि तिथे फोटोसाठी रांग लागते. ती चौकट कोणी कशासाठी निवडली असेल हे एकदा सुचलं की फोटोचा उत्साह थोडा ओसरतो. ओसरू द्यावा.

आता एक तक्रार. दिवसाच्या सहलीला येणाऱ्यांना हे मुख बहुधा सावलीतच दिसतं. भिंती उत्तरेच्या, दुपारचा सूर्य त्यांच्या पाठीशी. उन्हाळ्यात सूर्य वायव्येला कलतो तेव्हा कुठे संध्याकाळी त्यांच्यावर ऊन पडतं आणि पिवळा कातळ नारिंगी होत गुलाबीवर जातो. तोवर दिवसाची मंडळी रस्त्याला लागलेली असतात. पहाटेची धावपळ करण्यापेक्षा मुक्कामाची जागा आधी सांगून ठेवावी, किंवा दुपार कलल्यावरच निघावं, डोक्याचा दिवा पिशवीत टाकून.

परतीची वाट लोकातेल्लीखालच्या दरीत उतरते आणि पुन्हा चढून लांगआल्म या गुराख्यांच्या कुरणाशी येते. आल्या वाटेने परतणाऱ्यांचं इथे मोठं नुकसान होतं. कारण ओव्हेस्तचा कडा समोरून नुसता उभा वाटतो. तो बाहेर किती झुकला आहे हे कळतं ते इथून, खालून पाहताना. रिकार्दो कास्सिन आणि व्हित्तोरिओ रात्ती यांनी १९३५ च्या ऑगस्टअखेर याच भिंतीवर पहिली वाट काढली. खाली घास खाता खाता त्यांची रेषा नजरेने शोधत बसावं, सापडली नाही तरी चालेल. त्यानंतर एक ठेंगणी खिंड, थोडा घसारा, आणि शिखरांना वळसा घालून थेट औरोंझोचं पार्किंग. इतक्या जपून रचलेल्या वाटेचा शेवट असा बसच्या रांगेत व्हावा, ही तिच्यातली एकच ढिली जागा. ती काही वाटेची चूक नव्हे, रस्त्याची.