बिनतारी संवेदकांची स्थाननिश्चिती : एक चिकित्सा

संरचनांच्या स्वास्थ्य-निरीक्षणात संवेदक कोठे बसवावेत, हा आता स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. कमीत कमी संवेदकांतून पुलाची कंपनरूपे अधिकाधिक स्पष्ट कशी मिळतील, हा त्यातील मुख्य प्रश्न. संगणकीय प्रतिमान तयार करावे, कमी उपयोगाच्या जागा एकेक करून वगळाव्यात व उरलेल्या सर्वोत्तम मानाव्यात, अशी ही रीत. तिच्या गणिताविषयी तक्रार नाही. आक्षेप आहे तो प्रश्नाच्या मांडणीला.

या रीतीचे मूळ पाहिले म्हणजे आक्षेपाचे स्वरूप ध्यानी येते. कॅमर यांनी १९९१ मध्ये मांडलेली पद्धत अंतराळात फिरणाऱ्या मोठ्या संरचनांसाठी होती. अशा संरचनेला पाया नसतो, तिच्याखालून नदी वाहत नाही. पूल मात्र खांबांवर उभा असतो आणि पुष्कळदा पायातूनच खचतो. कंपनाच्या दृष्टीने खांब ही जवळजवळ निश्चल जागा. त्यामुळे वगळण्याच्या फेरीत ती आधी बाद होते.

महाडजवळचा सावित्री नदीवरील १९२८ चा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात कोसळला व एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या पाहणीत तो वाहतुकीस योग्य ठरला होता. दगडी कमान फार ताठ असते. तिच्या माथ्यावरील कंपन-संवेदकाला वेळेत काही उमगले असतेच, असे म्हणता येत नाही. खांबाच्या माथ्यावर कलमापक आणि शेजारी पाण्याची पातळी मोजणारे साधन, ही योजना कंपनाच्या प्रतिमानातून निघत नाही. पावसाळ्यात नदी पाहिलेल्या अभियंत्याला ती सुचते.

बिनतारी म्हटले की आणखी एक बंधन येते. बर्कले येथील संशोधकांनी २००६ मध्ये गोल्डन गेट पुलावर ६४ बिनतारी संवेदक-केंद्रे बसविली. दूरच्या टोकाचा संदेश ४६ टप्पे घेत तळाशी पोहोचे. केंद्रांमधील अंतर ठरविताना रेडिओच्या पल्ल्याचाही विचार करावा लागला. हे मोकळेपणाने नोंदविणारा तो प्रयोग मला अनेक गणिती निबंधांहून मोलाचा वाटतो.

आपल्याकडे विचार करण्याजोगे उदाहरण हिंगणा मार्गावरच आहे. येथील लोकमान्य नगरपर्यंतच्या उन्नत मार्गावर जानेवारी २०२० पासून मेट्रो धावते. अशा मार्गात गाळ्यामागून गाळा येतो. एकाच गाळ्यात दहा संवेदक बसवून कंपनरूपे कितीही देखणी मिळाली, तरी पुढच्या गाळ्याच्या बेअरिंगविषयी ती मौनच पाळतात. उलट प्रत्येक गाळ्यास एकेकच संवेदक दिला तर कंपनरूप हाती लागणार नाही, पण शेजारच्या सारख्या गाळ्यांची तुलना करता येईल. तीच गाडी त्या सर्वांवरून जाते. शिवाय मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि तापमानाने वारंवारितेत पडणारा फरक लहानशा तड्याचा परिणाम सहज झाकून टाकतो. शेजारचे गाळे एकाच उन्हात तापत असल्याने तुलनेत तो फरक बराचसा वजा होतो. निबंधांतील ‘सर्वोत्तम’ मांडणी या योजनेला बहुधा नापास करील. त्या मांडणीच्या समीकरणांत बॅटरी बदलण्यासाठी भररस्त्यावरील रहदारी अडवून शिडी लावण्याचा खर्च मात्र क्वचितच आढळतो.