गोष्ट मित्राची, सांगणारा बापू

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी नाटकाच्या केंद्रस्थानी आणण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु सुमित्रा देवची, म्हणजे मित्राची, ही गोष्ट सांगतो कोण? बापू. सहानुभूती असलेला, पण बाहेरचा. मित्राला स्वतःची ओळख पटते ती आत्महत्येचा प्रयत्न फसल्यावर, आणि अखेर ती मरतेच. जगून आपली गोष्ट सांगणे तिच्या वाट्याला येत नाही.

हे नाटक शिकवत असताना मागच्या बाकावरून एका मुलाला उद्देशून ‘बायल्या’ असा शब्द आला. वर्ग हसला. त्या दिवसापासून तो मुलगा वर्गात बोललेला नाही. मला माझ्या शाळेतली हाक आठवली. तीही नावाने नसे, जातीने असे.

फरक एवढाच की, ती हाक ऐकून मी घरी जाई तेव्हा आईबापांच्या कपाळीही तोच शिक्का असे. दुःख वाटून घ्यायला वस्ती होती, भिंतीवर बाबासाहेब होते. या मुलाच्या घरात त्याच्यासारखा कोणी नाही. पुष्कळदा पहिली शिवी घरातच मिळते, आणि तिच्याच शब्दांत माणूस स्वतःला ओळखू लागतो. वस्ती नसलेला बहिष्कृत तो हा!

‘याचा आपल्या चळवळीशी संबंध काय?’ असे मित्र विचारतात. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्यांचा गुन्हा. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे मुरुडचे, बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली. खटल्यात हार झाली. पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध ३७७ कलमातून मुक्त केले, तेव्हा बाबासाहेबांनी घटना समितीत मांडलेल्या संविधानिक नैतिकतेचाच आधार घेतला.

कायद्याने गुन्हा पुसला, शिक्का पुसला नाही. दलितांनी ‘हरिजन’ नाकारले आणि आपली गोष्ट स्वतः लिहिली. तिथेच आत्मभान आले. स्वतः समलिंगी असलेले बिंदुमाधव खिरे यांचे ‘पार्टनर’ म्हणूनच ‘मित्राची गोष्ट’शेजारी वाचले पाहिजे, आणि ते सगळ्या वर्गाने. त्या एकट्या मुलाच्या हाती ते पुस्तक ठेवणे म्हणजे आणखी एक शिक्का मारणेच होय. त्याने स्वतःला काय म्हणावे, हे तोच ठरवील.