बाप्तिस्म्याचे पाणी आणि गावचा पाणवठा

ख्रिस्ती झालेल्या दलिताविषयी आपल्या चळवळीत दोन तऱ्हांनी बोलले जाते. एक, तो भाकरीसाठी गेला. दुसरे, जाऊनही तो महार-मांगच राहिला, मग गेला कशाला? या दोन्ही बोलण्यांत त्याच्या श्रद्धेचा विचार नसतो. काय मानून तो माणूस पाण्यात उतरला, हे विचारण्याची तसदी आपण घेतलेली नाही. मी बौद्ध आहे, कोंढ्याला राहतो, आणि बॅप्टिस्ट मंडळींविषयी लिहितो याचे काही मित्रांना नवल वाटेल. पण आमच्या पवनी तालुक्याचे शहर म्हणजे नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे जे घडले ते आमच्या घराघरात आहे. त्याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा ख्रिस्ती पंथ एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्या सहांत बॅप्टिस्ट होते. चौदा वर्षांच्या अंतराने एकाच शहरात घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात, असे मला फार दिवस वाटते आहे.

बॅप्टिस्टांचे म्हणणे थोडक्यात असे. जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडून काही साधत नाही. जाणत्या माणसाने स्वतः विचार करून विश्वास जाहीर करावा आणि मग सगळ्यांदेखत पाण्यात पूर्ण बुडून वर यावे. प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र असते; तिने आपला पाळक आपण निवडावा. देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहिताची जात नको. राजसत्तेने धर्मात हात घालू नये.

जन्माने काही ठरत नाही, हे वाक्य दलिताच्या कानावर पडते तेव्हा त्याचा अर्थ इंग्लंडमधल्या चांभार-विणकरांना लागला त्याहून कितीतरी मोठा होतो. दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेणारा माणूसही जाणत्या वयात, सर्वांदेखत, स्वतःच्या तोंडाने जुने नाकारत होता. तत्त्व म्हणून पाहिले तर ख्रिस्ती पंथांत हाच पंथ आपल्याला सर्वांत जवळचा. म्हणूनच त्याची परीक्षा कडक व्हायला हवी.

सुरुवात चांगली होती. सेरामपूरला २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराला हुगळी नदीत बाप्तिस्मा दिला गेला. त्यापूर्वी तो मिशनऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवला होता. १८०३ मध्ये त्याच्या मुलीचे लग्न एका ब्राह्मण ख्रिस्त्याशी झाले. रोटी आणि बेटी, दोन्ही बंधने तीन वर्षांच्या आत तुटली. दक्षिणेत काही मिशने चर्चमध्ये जातवार बसण्याची सोय करून देत होती, त्या मानाने हे धाडसच म्हटले पाहिजे. मात्र याच सेरामपूरहून विल्यम कॅरेने मराठीचे व्याकरण (१८०५), कोश (१८१०) आणि नवा करार (१८११) छापला, तेव्हा त्याच्या शेजारी बसलेला मराठीचा जाणकार होता पंडित वैजनाथ. दुसरा कोण असणार? लिहिता-वाचता येणारी मराठी तेव्हा त्याच घरांत होती. तरी नोंद करायला हवी: शुभवर्तमान महारवाड्यात पोचण्याच्या आधी ते पंडिताच्या भाषेत गेले होते, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेच्या भाषेवरचे ते सावट मला आजही जाणवते.

बॅप्टिस्टांची खरी कहाणी मात्र मराठी मुलखाची नाही, ती तेलुगू मुलखातल्या ओंगोलची आहे. आपल्याकडे ती फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लॉ १८६६ मध्ये ओंगोलला आला. तिथले मादिगा म्हणजे मेलेली ढोरे ओढणारे, कातडे कमावणारे, गावच्या जत्रेत डफ वाजवणारे. आपल्याकडच्या मांग-चांभारांची कामे तिथे एकाच जातीच्या गळ्यात होती. यर्रागुंटला पेरय्या हा त्यांच्यातलाच एक, आधी योगमार्गातल्या गुरूंच्या नादी लागलेला. तो ख्रिस्ती झाला आणि वस्त्यांतून फिरू लागला. मिशनचा इतिहास क्लॉच्या नावाने लिहिला जातो. माझ्या मते तो पेरय्याच्या नावाने लिहायला हवा. गावच्या ब्राह्मणांना हे रुचले नाही. मादिगांना घेणे बंद करा, मग आम्ही येतो, असा त्यांचा सूर होता. क्लॉने मादिगांना घेणे चालूच ठेवले, आणि वरच्या जातींनी पाठ फिरवली.

क्लॉने नव्या ख्रिस्त्यांसाठी तीन साधे नियम केले होते. रविवारी काम करायचे नाही, मेलेल्या जनावराचे मांस खायचे नाही, मूर्ती पुजायची नाही. वाचकांना इथे महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले, त्याच्या सुमारे साठ वर्षे आधी ओंगोलचा मादिगा ते सोडत होता. रविवार पाळणे म्हणजे सात दिवसांतला एक दिवस गावकीला नाही म्हणणे. मूर्ती न पुजणे म्हणजे जत्रेत डफ न वाजवणे. हे नियम दिसायला धार्मिक आहेत, पण त्यांनी बलुतेदारीच्या मुळावर घाव घातला. गावाला ते बरोबर कळले, आणि गावाने छळही केला.

पुढे १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. क्लॉने बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैल खोदाईचे काम अंगावर घेतले आणि हजारो भुकेल्यांना मजुरी दिली. या काळात त्याने बाप्तिस्मे थांबवले होते, कारण अन्नासाठी धर्म घेतला असे कोणाला म्हणता येऊ नये. ते पुन्हा सुरू झाल्यावर ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ माणसांनी बाप्तिस्मा घेतला. पाण्यात उभे राहून तो देणारे सहा जण देशी उपदेशक होते, दोघे दोघे पाळीने. क्लॉ स्वतः पाण्यात उतरला नव्हता. 'भाकरीचे ख्रिस्ती' हा शब्द आपल्यातले जे सहज वापरतात त्यांनी ही हकीकत वाचावी.

आता बाबासाहेबांची टीका पाहू. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरिताची स्थिती यांवरचे त्यांचे दोन निबंध त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये काढलेल्या पाचव्या खंडात ते आले. त्यांतले दोन मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात. पहिला, मिशनऱ्यांनी ब्राह्मणांशी वाद घालण्यात आणि त्यांना शिकवण्यात आयुष्ये घालवली, आणि त्याचा लाभ वरच्या जातींनी घेतला. दुसरा अधिक खोल आहे. आपले पतन पूर्वजाच्या पापामुळे झाले, असे धर्मांतरिताला शिकवले जाते. त्याला पाडणारी समाजव्यवस्था त्यामुळे त्याच्या नजरेआड राहते, आणि अन्यायाविरुद्ध तो तोंड उघडत नाही.

ओंगोलला पहिला मुद्दा लागू पडत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तिथे मिशन मादिगांकडेच गेले. बाबासाहेबांचा आदर ठेवूनच आपण त्यांचे प्रत्येक विधान प्रत्येक ठिकाणी तपासून घ्यायला हवे. ती त्यांचीच शिकवण. दुसरा मुद्दा मात्र पुरावा मागत असेल तर तो त्याच मुलखात मिळतो. १९८५ च्या जुलैमध्ये कारमचेडू गावी मादिगांच्या पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात वरच्या जातीच्या पोरांनी म्हशी धुतलेली घाण टाकली. एका मादिगा स्त्रीने हरकत घेतली. दुसऱ्या दिवशी, १७ जुलैला, वस्तीवर हल्ला झाला आणि सहा मादिगा मारले गेले. कारमचेडू तेव्हा प्रकाशम् जिल्ह्यात होते, आणि प्रकाशम् जिल्ह्याचे मुख्य ठाणे ओंगोल! गुंडलकम्मेच्या बाप्तिस्म्याला तेव्हा एकशे सात वर्षे झाली होती. नदीत माणूस देवासमोर सरळ उभा राहिला, पण तळ्यावर त्याची जागा बदलली नाही. एकशे सात वर्षे मंडळीने आत्मे मोजले. पाणवठा मोजला नाही. त्या हत्याकांडातून आंध्रची दलित महासभा उभी राहिली. पाळकांच्या परिषदेतून अशी चळवळ का उभी राहू नये?

नागपूरच्या १९७० च्या ऐक्याकडे मी याच नजरेने पाहतो. त्या वाटाघाटी अनेक दशके चालल्या. अडचणी कोणत्या होत्या? तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा की जाणत्याचा, बिशप असावा की नसावा. बॅप्टिस्टांच्या समाधानासाठी बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. सगळे बॅप्टिस्ट त्यात आले नाहीत. तेलुगू मंडळ्यांनी १९६२ पासून आपली वेगळी संघटना चालवली आहे. पण विचार करा: पाणी किती आणि कोणत्या वयात, यावर एवढा काथ्याकूट झाला, आणि त्या ऐक्याच्या मुख्य वादात जात हा मतभेदाचा विषयच नव्हता. पंथ परदेशातून आले होते, त्यांची भांडणेही परदेशातून आली होती. आपल्याकडचे खरे विभाजन उपासनेच्या बाकांवर आणि लग्नाच्या बैठकीत होते, आणि त्याला पंथ म्हणत नाहीत म्हणून ते जुळवायच्या यादीत आले नाही.

आजचा प्रश्न याहून अडचणीचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा असे सुचवले. २०२२ मध्ये पुन्हा एक आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात घातले आहे. परिणाम काय होतो ते एका तरुण पाळकाने मला सांगितले. मंडळीतली एक बाई त्याला म्हणाली, "पाळकसाहेब, पोराले पयले बाप्तिस्मा देवाचा का जातीचा दाखला काढाचा?" तो मला विचारत होता, "सर, मी काय सांगू तिला?" ज्या पंथाचा सारा भर जाहीर कबुलीवर, त्याच्याच उंबरठ्यावर आई पोराची कबुली लपवायचा विचार करते. याला तिचा भित्रेपणा म्हणायला मी तयार नाही. श्रद्धेची किंमत शासनाने ठरवली आहे, आणि ती फक्त गरिबालाच मोजावी लागते.

२०२५ मध्ये आंध्रच्या उच्च न्यायालयाने एका पाळकाचे प्रकरण निकालात काढले. जातीवरून शिवीगाळ व मारहाण झाल्याची त्याची तक्रार होती. न्यायालय म्हणाले, तो दहा वर्षे पाळक आहे, ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्याला नाही. कारमचेडूसारख्या घटनांमुळेच १९८९ चा तो कायदा आला होता. शिव्या देणाऱ्याला पाळकाची जात नीट आठवत होती. विसर फक्त कायद्याला पडला.

आपल्या साहित्याचाही इथे हिशोब व्हायला हवा. मराठी ख्रिस्ती जीवन म्हटले की आपण बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढतो. दोन्ही मोठी पुस्तके. पण एकाचा लेखक कासार, दुसरीची लेखिका ब्राह्मण. महार-मांग ख्रिस्ती तिथे दुसऱ्याच्या नजरेतून दिसतो. आणि दलित आत्मकथनांच्या लाटेत धर्मांतर म्हटले की छप्पन्न साल, असेच गृहीत धरले गेले. त्यामुळे ख्रिस्ती दलित दोन्हीकडून सुटला. मला हवे आहे ते एखाद्या गावपाळकाचे आत्मकथन: मंडळीने कणगीतून दिलेले धान्य, मिशनचा थांबलेला पगार, जुन्या मिशनच्या जागेवरून चाललेली भांडणे, मुलीच्या लग्नात अचानक विचारली गेलेली जात, आणि या सगळ्यातून टिकलेली प्रार्थना. असे लिखाण कोणाकडे वहीत पडून असेल तर ते या पानांवर यावे. शुद्धलेखनाची काळजी संपादकांवर सोडावी.