प्रार्थना आणि दोर

डॉरथी सेयर्स या लेखिकेचें नांव आपल्याकडील वाचकांस बहुधा लॉर्ड पीटर विम्झीच्या गुप्तपोलिसी कथांमुळें ठाऊक असतें. परंतु १९३७ सालीं कँटरबरीच्या उत्सवासाठीं त्यांनीं लिहिलेलें ‘दि झील ऑफ दाय हाउस’ हें नाटक, ज्या घरांतून मुलें इंजिनिअर होऊन बाहेर पडत आहेत, त्या घरांनीं तरी अवश्य वाचावें. धर्मश्रद्धेनें बांधणाराच्या हाताला कोणतें वळण लागावें, हा प्रश्न त्यांत एका दोराच्या निमित्तानें विचारला आहे.

कथानकास इतिहासाचा आधार आहे. ११७४ सालीं कँटरबरी येथील मुख्य चर्चमधील गायकवृंदाचा भाग आगींत जळाला. तो पुन्हां उभारण्याचें काम फ्रान्समधील सेन्स गांवच्या विल्यम या स्थपतीकडे आलें. ११७८ सालीं कमानदार छताची तयारी करीत असतां तो सुमारें ५० फुटांवरून खालीं कोसळला. कांहीं काळ त्यानें अंथरुणावरूनच काम चालविलें; अखेर तें सोडून तो मायदेशीं परतला, व विल्यम याच नांवाच्या एका इंग्रजानें तें पुढें नेलें. ही हकीगत गर्व्हेस या तेथील मठवासी बखरकारानें लिहून ठेविली आहे.

बखरींत विल्यमच्या पायांखालच्या तुळया मोडतात. बाईंनीं तेथें दोर आणिला. फेरफार लहान दिसतो. पण नाटकाचें सारें मर्म त्यांतच आहे. विल्यमला वर चढविणारा दोर तपासण्याचें काम थिओडेटस हा मठवासी व सायमन हा तरुण कामगार यांच्याकडे असतें. त्याच वेळीं विल्यम व अर्सुला या श्रीमंत स्त्रीचें प्रणयभाषण चाललेलें असतें. सायमनचें लक्ष तिकडे वेधतें. थिओडेटस तें पाप कानांवर नको म्हणून प्रार्थना पुटपुटूं लागतो. दोरांतला दोष दोघांच्याहि हातांखालून निसटतो. एकाची चूक चाळवलेल्या मनाची, दुसऱ्याची सोंवळ्या मनाची. दोराला दोन्ही सारख्याच.

येथें मराठी वाचकास गोरोबाकाकांची कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. नामांत तल्लीन होऊन चिखल तुडवितां तुडवितां पोटचें मूल पायांखालीं गेलें. पण विठ्ठलानें तें परत दिलें. सेयर्सबाईंचा देव दोर सांधून देत नाहीं, कीं विल्यमचें शरीर पुन्हां धड करीत नाहीं. त्या क्षणीं दोर डोळसपणें पाहणें हीच प्रार्थना होती, असें त्यांचें सांगणें आहे. म्हणूनच सदाचारी नसलेल्या विल्यमचें चोख काम ही त्याची प्रार्थनाच होय, असा निर्वाळा नाटकांतील देवदूत देतो. ईश्वर हा निर्माता, आणि माणूस त्याची प्रतिमा. तेव्हां निर्मितींत हयगय करणें हा ईश्वराचाच अवमान, ही ख्रिस्ती विचारसरणी त्यामागें आहे. तिचाच विस्तार पुढें १९४१ सालच्या ‘दि माइंड ऑफ द मेकर’ या त्यांच्या ग्रंथांत झाला.

परंतु एके ठिकाणीं लेखिकेचा स्वतःच्याच दोरावरील विश्वास ढळलेला दिसतो. विल्यम गर्वानें आपणांस देवाच्या बरोबरीस नेतो, आणि तो पडण्याच्या वेळीं एका मुलाला नंगी तरवार घेतलेला देवदूत दिसतो. ही तरवार रंगभूमीवर परिणामकारक खरी. पण तिनें मूळ मुद्दा दुबळा होतो. घाव देवदूतानेंच घातला असेल, तर तपासणारांचा अपराध तितका हलका झाला. नाटकांतील मठाधिपति तो अपराध झांकूं देत नाहीं, हें मान्य. तरी पूल कोसळल्यावर ईश्वरी इच्छेचें नांव घेऊन चौकशी टाळणारांस ही तरवार फार सोयीची आहे.

हा दोष वगळतां नाटकाचा शेवट उदात्त आहे. आपल्यावांचून काम अडेल हा अभिमान सोडून विल्यम तें दुसऱ्याच्या हातीं देतो. तें काम ११८४ सालीं पुरें झालें, आणि आजहि उभें आहे. त्यांतील कोणता दगड भाविकानें बसविला आणि कोणता अभाविकानें, हें आज सांगतां येणार नाहीं. सारे नीट बसविलेले आहेत, एवढें मात्र दिसतें.