कट मारला की पॉपिंग गेलं

नालासोपाऱ्याच्या 'फिक्टिशिअस' ग्रुपवरून सुचलेला रेमो डिसूझाचा 'एबीसीडी २' (२०१५) मी परवा रत्नागिरीत मोबाइलवर पुन्हा पाहिला. मजा येते, पण पॉपिंग नीट दिसतच नाही. पॉपिंग म्हणजे ठेक्यावर स्नायू झटकन आवळायचा, लगेच सोडायचा. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात बूगालू सॅम आणि मंडळींनी घडवलेला प्रकार. तो झटका कळायला अख्खं शरीर फ्रेममध्ये लागतं. इथे झटक्याआधीच कट! आमच्याकडे गणपतीत जाखडी बघताना नजर कुठे ठेवायची ते आपण ठरवतो, एडिटर नाही. 'हॅपी अवर' गाण्यात प्रभुदेवासाठी कॅमेरा जरा थांबतो. ज्यांच्या गोष्टीवर सिनेमा उभा राहिला, त्या पोरांसाठीही थांबायला हवा होता.